कठीण घर, तिसरा मजला

६ सप्टेंबर, रविवार. दुपार.

वही पोरीची. ट्रेनिंगवाल्यांनी तिला दोन दिल्या, त्यातली एक मी उचलली. विचारलं असतं तर म्हणाली असती, आज्जी, तुला कशाला? पुरावा लिहायला, असं कसं सांगणार?

कुठंतरी पाणी मुरतंय. आज चर्चमध्ये पास्टरनं सहा तरुण पोरापोरींना पुढं उभं केलं. म्हणाले, हे आठ आठवडे तयारी करून परदेशात मिशनच्या सेवेला जाणार. तीन वर्षांसाठी. टाळ्या. सहावी आमची नात! आमच्या बाकावर कुणी दचकलं नाही. म्हणजे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. सूनबाई माझ्याकडे, मी पडते की काय ते बघत. मी पडले नाही. मी गाणं म्हटलं. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

माझं काही म्हणणं नाही. देवाचं काम आहे, जावं. पण आमच्याच पोरीनं का? आणि एवढं लांब? आणि ती गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई कोण?

निश्चय: डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

८ सप्टेंबर.

शिट्टीबाई म्हणजे ट्रेनर. अकरा वर्षं तिकडे राहून आली म्हणे. 'तिकडे' म्हणजे त्या देशाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. अकरा वर्षं कुणी बघितली? मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी बघितल्या. कुठला डाग कशाचा आणि कोण लपवतंय, ते मला लांबून कळतं. या बाईवर एकही डाग नाही. तिथंच संशय येतो.

११ सप्टेंबर. सकाळ.

पोरगी पाठीवर विटा भरलेली पिशवी घेऊन जिना चढते-उतरते. रोज दहा वेळा. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि लेक जिन्यानं! त्याला म्हटलं, अरे, तुझ्या धंद्याचा तरी मान ठेवायला सांग. म्हणाला, आई, तिकडे चालावं लागतं. मग म्हटलं, लिफ्ट नसलेल्या देशात देव कशाला पाठवतो? त्यानं पेपर वर केला.

रविवारपासून जमिनीवर झोपतेय. पुढ्यात येईल ते तोंड वाकडं न करता खाते. काल मी सूपमध्ये मीठच घातलं नाही, मुद्दाम. गपचूप प्यायली. ही आमची पोरगी नाही. हिला काहीतरी शिकवलंय.

१५ सप्टेंबर.

दंडावर इंजेक्शनच्या खुणा. सूनबाई लॅबमध्ये रक्त तपासते, तिनंच सगळी इंजेक्शनं जमवली. कागदावर टिकमार्क केलेले मी बघितले. म्हणजे हीसुद्धा सामील. विचारलं तर म्हणाली, आई, ताप येऊ नये म्हणून. पोटच्या पोरीला तीन वर्षं लांब पाठवताना हिचा हात हलत नाही? म्हणाली, हलतो, म्हणून तर टिकमार्क करते. मला उलट उत्तर देते.

१९ सप्टेंबर. पोरगी आंघोळीला गेल्यावर.

पिशवी तपासली. झडती नाही, नुसतं आवरायला म्हणून. सापडलं ते असं: सुई-दोरा, बॅटरी, दोन साबण, नकाशा, एक शिट्टी (आता हिलाही!) आणि माझा फोटो.

माझा फोटो कशाला? बराच विचार केला. तिकडच्यांना दाखवायला, की बघा, हिच्या तावडीतून सुटून आले. दुसरं काय कारण असणार. फोटो परत ठेवला. आधी वर होता, मी मध्ये ठेवला, दुमडू नये म्हणून.

२४ सप्टेंबर. संध्याकाळ.

आज प्रत्यक्ष पाळत. चर्चच्या मागच्या हॉलला उंच खिडकी आहे. बादली पालथी घातली, वर चढले, आत बघितलं.

आत काय, तर एक पोरगा खुर्चीत बसून काहीतरी अगम्य बडबडतोय, आणि बाकीचे पाच त्याच्याभोवती हातवारे करतायत. त्याला हवी होती उशी, यांनी त्याला आणून दिला झाडू. शिट्टी वाजली. पुन्हा पहिल्यापासून. मला हसू आलं. बादली हलली.

पडले नाही. उतरले. जरा वेगानं उतरले.

शिट्टीबाई बाहेर आली. मी म्हटलं, बादली शोधत होते. ती म्हणाली, सापडली का? मग मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, आजी, आम्हाला अगदी तुमच्यासारखंच माणूस हवं होतं. तेवढ्यात आमची पोरगी हॉलच्या दाराशी आली, मला बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

१ ऑक्टोबर.

प्रकार असा आहे. ट्रेनिंगच्या शेवटी प्रत्येकाला एका घरी पाठवतात. सहा दिवस, रोज दहा ते बारा. घरवाल्यानं आपली भाषा बोलायचीच नाही. मनानं रचलेली भाषा बोलायची. पोरानं हाताखाली काम करायचं, वीस शब्द शिकायचे, या घरात काय हवं-नको ते ओळखायचं. सहाव्या दिवशी घरवाला एक फॉर्म भरतो. पाच ओळी, प्रत्येक ओळीपुढं तीन तोंडं: हसरं, सरळ, रडकं. एकावर खूण करायची. नापास झालेल्याचं जाणं वर्षभर पुढं जातं.

वर्षभर पुढं! आणि हा फॉर्म माझ्यासारख्यांच्या हातात!

बाईला म्हटलं, करीन. तेवढीच सेवा. तिनं विचारलं, वाचता येतं ना, आजी? म्हटलं, चौथी पास आहे आणि चष्म्याशिवाय वाचते. (सुई ओवायला लागतो चष्मा. आणि वाचायला. पण ते तिला कशाला?)

एक अडचण. घरच्या माणसाकडे घरचं पोर पाठवत नाहीत. बघू.

५ ऑक्टोबर.

पहिला आला टायवाला. टाय लावून माझ्या घरात! मी त्याला 'फुंड्रक' म्हटलं आणि मोरी दाखवली. त्यानं वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं, मी माझं नाव सांगतेय. दोन तास मोरी घासली, टाय भिजला. जाताना हसून हात पुढं केला. मी हातात कचऱ्याची पिशवी दिली.

७ ऑक्टोबर.

टायवाला आला नाही. घर फार कठीण वाटलं तर बदलून मागता येतं म्हणे. मागितलं त्यानं. मला वाईट वाटलं नाही. असला माणूस तिकडे काय दिवे लावणार होता.

१० ऑक्टोबर.

दुसरी हसरी होती. सारखी हसायची. मी पाणी मागितलं, हसली. खुर्ची मागितली, हसली. तिसऱ्या दिवशी मी तिच्यापुढं बसून तेवढंच हसले, मिनिटभर, एकसारखं. रडत गेली. घर बदलून मागितलं.

चर्चच्या फळ्यावर आता माझ्या घरापुढं लाल खूण आहे. कठीण घर. टायवाल्याच्या आईनं रस्त्यात माझ्याशी बोलणं टाळलं. मान आहे हा, दुसरं काय.

११ ऑक्टोबर, रविवार.

देव आहे.

कठीण घरी जायला कुणीच तयार नाही, आणि एक घर तर कमी पडतंय. शिट्टीबाईनं विचारलं, कोण जाईल? आमची पोरगी उभी राहिली. नात्याचा नियम आहे म्हटल्यावर म्हणाली, मॅडम, त्या घरात मी एकवीस वर्षं सराव केलाय, पण परकी म्हणून कधी गेले नाही. बाईनं शिट्टी बोटाभोवती फिरवत विचार केला आणि हो म्हणाली.

पोरगी स्वतःच्या पायानं माझ्या तावडीत आली. उद्यापासून सहा दिवस. शनिवारी खेळ खलास, आणि तिला कळणारही नाही कुणी केलं.

तिला काही म्हणाले नाही. ती मात्र ताट पुसता पुसता म्हणाली, आज्जी, नापास कर हवं तर. पण खोटं लिहू नकोस. धमकी देते मला!

१२ ऑक्टोबर. साडेबारा.

दारावर टकटक करून आली. स्वतःच्याच घराच्या! चावी खिशात असताना! मी दार उघडून अनोळखी चेहरा केला. तिनं माझ्यापेक्षा चांगला केला.

पाणी म्हणजे बुटुक. खुर्ची म्हणजे गिडमी. चहा म्हणजे सोरो. चादर म्हणजे लॅम्फा. पटापट बोलले, म्हणजे तिला लिहिता येऊ नये. तिनं लिहिलं.

मग कपाटातल्या सगळ्या चादरी काढल्या, मोठ्या, दुहेरी. दोघींनी चार टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, परत लांब जायचं. लाँड्रीत मी नव्या पोरींना यानंच रडवायची. हिनं सोळा घड्या घातल्या. एकही तिरकी नाही. लहानपणी मीच शिकवलं होतं, ते लक्षात राहिलं नाही. माझी चूक.

१३ ऑक्टोबर.

खुर्चीला आज मी टोंगा म्हटलं. पोरीनं वही उघडली, मागचं पान काढलं, मान हलवली आणि म्हणाली, गिडमी. माझ्या भाषेत मलाच दुरुस्त करते! मी ओरडले, टोंगा. ती शांतपणे म्हणाली, गिडमी. दहा मिनिटं भांडलो. शेवटी मी गिडमीवर बसले, पाय दुखत होते.

शब्द या वहीत लिहिलेले होते. पण पोरीसमोर वही काढणार कशी?

१४ ऑक्टोबर.

भाषेत लक्षात राहण्यासारखे शब्दच उरले नाहीत. सकाळभर गप्प बसले. मौन हे सगळ्यात भारी हत्यार. टायवाला यात सुटला नसता.

पोरगी माझ्यापुढं बसली. मटार सोलायला घेतले. तीही गप्प. दोन तास. बारा वाजले तेव्हा मला वाटलं अकरा वाजलेत.

लक्षात आलं, हे घरात कधी झालं नव्हतं. मी बोलतेच ना. कुणीतरी बोलायलाच हवं.

१५ ऑक्टोबर.

मी काही बोलले नव्हते. हातवारेही नाहीत. तिनं पुढं स्टूल सरकवलं, माझा डावा पाय उचलून वर ठेवला, गुडघ्याखाली उशी घातली. डावाच कसा ओळखला? जिन्यावर लक्ष ठेवत असणार. म्हणजे पाळत मी एकटीच ठेवत नव्हते!

गुण मिळवायला करतेय. उघड आहे. पाय खाली घ्यायचा होता, पण बरं वाटत होतं म्हणून ठेवला.

१६ ऑक्टोबर.

आज ती माझ्या भाषेत अख्खं वाक्य बोलली. लॅम्फा, गिडमी, सोरो, मग बुटुकसाठी नको अशी खूण. चादरी झाल्या, आता बस, चहा घे, पाणी नको, गार आहे. मला सगळं कळलं. घाबरलेच. जी भाषा मला येत नाही, त्या भाषेत मला कळलं.

उद्या फॉर्म. मन घट्ट. पाचही ओळींना रडकं तोंड. एकही सरळ नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी.

झालं!

पावणेबाराला शिट्टीबाई फॉर्म घेऊन आली. पोरीला बाहेर जिन्यात उभं केलं. फॉर्मवरची अक्षरं म्हणजे मुंग्या. चष्मा फ्रिजवर होता, मला दिसत होता, पण या बाईला मी चष्म्याशिवाय वाचते असं सांगितलेलं. ती म्हणाली, आजी, वाचून दाखवू का? मी जोरात मान हलवून नाही म्हटलं. बारा वाजले नव्हते, बोलायला बंदी होती.

वाचायचंय काय त्यात? पोरगी कशी वाटली, एवढंच असणार. पाच रडकी तोंडं. ठळक. शेवटच्याला तर दोनदा गिरवलं.

बाईनं फॉर्म बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि माझा खांदा दाबला. तिलाही पोरीचं वाईट वाटलं असणार. मला थोडं वाटलं. पण वर्ष म्हणजे काही फार नाही. वर्षभरानं पुन्हा नापास करता येईल.

२४ ऑक्टोबर.

उद्या निकाल. पोरीला सांत्वन म्हणून केक केला. सूनबाईनं विचारलं, कशासाठी? म्हटलं, उगाच. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चादरीकडे बघते.

२५ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.

लिहायची इच्छा नाही. पण पुरावा.

पाच जणांची नावं झाली. मग शिट्टीबाई म्हणाली, आता कठीण घर. म्हणाली, ट्रेनिंग सुरू झाल्यापासून कुणालाही कुठल्याही घरात पाचपैकी पाच मिळाले नव्हते, या पोरीला मिळाले, आणि तेही तिथं! मग माझा फॉर्म उलगडून मोठ्यानं वाचला.

"उद्यापासून ही व्यक्ती तुमच्या घरी आली नाही, तर तुम्हाला कसं वाटेल? सकाळी उठल्यावर? काम करताना? चहाच्या वेळी? दुखत असताना? दार बंद केल्यावर?"

आणि प्रत्येक ओळीनंतर म्हणाली, रडकं तोंड. रडकं तोंड. रडकं तोंड. चर्चभर माना वळल्या. शेवटचं दोनदा गिरवलंय, हेही सांगितलं त्या बाईनं.

मुलगा चष्मा पुसत होता. तो चष्मा लावतच नाही. सूनबाईनं माझा हात धरला, मी काढून घेतला. पंखा थेट माझ्या तोंडावर होता. डोळ्यांत वारा गेला.

पोरगी वळून बघत नव्हती. फक्त कान लाल झाले होते. ते लहानपणापासून आहे.

घरी केक खाल्ला. सगळ्यांना वाटलं, पास झाल्याचा.

२७ ऑक्टोबर. दुपार.

हार मानणारी मी नाही. चष्मा लावून शिट्टीबाईच्या ऑफिसात गेले. छोटी खोली, भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात विटांच्या पिशव्या. म्हटलं, बाई, फॉर्म चुकला. मी न वाचता खूण केली.

तिनं आश्चर्य दाखवलं नाही. फॉर्म काढला, टेबलावर ठेवला. म्हणाली, माहितीये, आजी. तुमचा चष्मा फ्रिजवर होता. मग पेन माझ्या हातात दिलं. म्हणाली, चूक असेल तर आत्ता दुरुस्त करा. पाच ठिकाणी हसऱ्या तोंडावर खूण करा, खाली सही. मी पोरीला पुढच्या वर्षीच्या बॅचमध्ये घालते. तिकीट अजून निघालेलं नाही. मी कुणाला सांगणार नाही.

म्हणजे झालंच की! पाच खुणा. तिसरीतलं पोर करील.

चष्मा लावून सगळे प्रश्न वाचले. एकेक. सावकाश. मग पुन्हा वाचले. उगाच घाई नको.

पेन चालेना. पहिल्या ओळीवर टेकवलं, नाही चाललं. शेवटच्या ओळीवर टेकवलं, तिथंही नाही. बाईनं दुसरं पुढं केलं. मी म्हटलं, राहू दे आता, गॅसवर दूध ठेवून आलेय. आणि कसली पेनं ठेवता हो तुम्ही ऑफिसात?

घरी आले. दूध ठेवलं नव्हतं, ते नंतर आठवलं.

४ नोव्हेंबर. संध्याकाळ.

सकाळी नऊला गेली. एअरपोर्टला मी गेले नाही, गाडीत जागा नव्हती. म्हणजे मागं एक होती, पण पाय दुमडून बसायला लागलं असतं.

बूट घालून दारात उभी राहिली. मी ठरवलेलं, नीट दोन शब्द सांगायचे: वेळेवर जेव, कुणावर पटकन विश्वास ठेवू नको, जो फार हसतो त्याच्यापासून लांब. ती म्हणाली, गिडमी, आज्जी. सोरो. बस, चहा घे. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडातून आलं ते बुटुक. पाणी. दुसरा शब्दच आठवला नाही.

तिनं बूट काढले, आत गेली, ग्लास भरून आणला. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. मला नको होतं. सगळं प्यायले.

गेली जिन्यानं. लिफ्ट चालू असताना.

मग तिच्या पलंगाची चादर काढली, धुतली, वाळली. घडी एकटीनंच घातली. तिरकी झाली. परत उलगडली, परत घातली. चादर जुनी झालीय, त्यामुळे होतं तसं.

शिट्टीबाईचा निरोप आहे, पुढच्या बॅचला कठीण घर म्हणून याल का? कळवते म्हटलं. एवढ्यात हो म्हणायचं नाही, जानेवारीपर्यंत ताटकळू दे.

लिहायला बसले तर घरातलं एक पेन सापडेना. पिशवीच्या तळाशी शिट्टीबाईचं निघालं, त्या दिवशीचं, चुकून माझ्याबरोबर आलेलं. आजचं सगळं त्यानंच लिहिलं. मेलं कुठंही अडलं नाही.